पात्याची धार

आमच्या शाळेच्या बागेत हिरवळ आहे. ती कापण्यासाठी विजेवर चालणारे यंत्र आहे. माळीचाचा ते यंत्र चालवतात. त्यांच्या उजव्या हाताचे एक बोट अर्धेच आहे. मी एकदा कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सर, पात्यात गवत अडकलं होतं. मी बटण बंद केलं, पण प्लग काढला नाही. तेवढ्यात कोणीतरी बटण दाबलं."

गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग याने १८३० साली तयार केले. आजच्या अनेक यंत्रांत खाली एकच लांब पोलादी पाते असते. ते पंख्यासारखे गरगर फिरते.

पाते बोथट झाले हे कसे ओळखावे? कापलेल्या गवताचे शेंडे पाहा. धारदार पाते गवत सरळ कापते. बोथट पाते ते ओरबाडते. मग शेंडे फाटतात, वाळून तपकिरी होतात आणि हिरवळ रोगट दिसू लागते.

अशा वेळी पात्याला घरीच धार लावता येते. मात्र हे काम मोठ्या माणसांसोबतच करावे. सर्वांत आधी प्लग भिंतीतून काढा. यंत्र पेट्रोलचे असेल, तर ते थंड होऊ द्या आणि स्पार्क प्लगची तार काढून ठेवा. जाड हातमोजे घाला. पाते फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवा. कोणती बाजू खाली होती, तिच्यावर खडूने खूण करा. मग पान्याने बोल्ट सैल करून पाते काढा.

पाते शिकंजात घट्ट धरा आणि कानस घ्या. उर्दूत जिला आपण 'रेती' म्हणतो, तीच ही कानस. मराठीत 'रेती' म्हणजे वाळू, हे विसरू नका! पात्याच्या कडेला मुळात जो उतार आहे, त्याच उतारावर कानस एकाच दिशेने चालवा. दोन्ही टोके सारखीच घासा. धार वस्तऱ्यासारखी नको. तशी धार लवकर मोडते.

आता पाते मधल्या छिद्रातून खिळ्यावर अडकवा. ते आडवे राहिले, तर तोल बरोबर आहे. एक बाजू खाली गेली, तर ती जड आहे. ती थोडी आणखी घासा. तोल नसलेले पाते यंत्राला हादरे देते आणि यंत्र लवकर खराब होते.

पात्याला तडा गेला असेल, ते वाकले असेल किंवा झिजून पातळ झाले असेल, तर धार लावू नका. ते ठोकून सरळही करू नका. फिरताना तुकडा उडाला, तर जीवावर बेतेल. त्याच लांबीचे व त्याच यंत्रासाठी बनवलेले नवे पाते आणा. ते खूण पाहून बसवा आणि बोल्ट घट्ट आवळा. ठोकळा काढायला विसरू नका. प्लग सर्वांत शेवटी लावा.

माळीचाचा आता यंत्राला हात लावण्यापूर्वी प्लग काढतात आणि स्वतःच्या खिशाजवळ धरून ठेवतात. मित्रांनो, पात्याला धार कानशीने येते. पण बोटे वाचतात ती सावधपणाने.