चरबीचं वय विचारा

सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६मध्ये संपलं आणि वजन उतरवणारं इंजेक्शन कितीला पडतं, ही चर्चा लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचली. किती किलो उतरले, एवढंच जो तो विचारतो. चरबी कुठली, किती जुनी, हे कुणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे.

चाळिशीत पोट सुटलं की आपण ‘मेटाबॉलिझम मंदावलं’ म्हणून मोकळे होतो. हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांच्या २०२१च्या अभ्यासानं ती पळवाट बुजवली: देहाचं आकारमान हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. मग दोष कुणाचा? कॅलिफोर्नियातल्या ‘सिटी ऑफ होप’ संस्थेच्या संशोधकांनी २०२५मध्ये चरबीतल्या मूळपेशींकडे बोट दाखवलं. वयस्क उंदरांतल्या या पेशी तरुण उंदरांत घातल्या, तर तिथेही त्या भराभर चरबी घडवू लागल्या. इतर बहुतेक मूळपेशी वयानुसार थकतात. यांना मात्र उतारवयात हुरूप येतो!

जुन्या चरबीत आणखी एक उपद्रव वाढतो. काही पेशी विभागायच्या थांबतात, पण मरत नाहीत. नुसत्या दाह वाढवणारी रसायनं सोडत बसतात. त्वचेखालचं कोठार नीट चालेनासं झालं, की मेद यकृतात आणि स्नायूंत घुसतो. मधुमेहाची वाट तिथूनच जाते.

यात आपलं दुखणं वेगळं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! बीएमआयची इतकी शोभा एखाद्या जाडजूड ग्रंथानंही केली नसती. पुण्याजवळच्या गावांतली बाळंही याज्ञिकांनी मोजली: सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी बरीचशी टिकून. म्हणजे ही गोष्ट चाळिशीत नव्हे, आईच्या पोटातच सुरू होते. तरीही आपल्याकडे सडपातळ माणसाला रक्तातली साखर तपासायला सांगितलं, तर तो हसतो.

वजन उतरलं तरी चरबी सगळं विसरत नाही. झुरिकच्या संशोधकांनी २०२४मध्ये लठ्ठ उंदरांना बारीक केलं. त्यांच्या चरबीपेशींच्या जनुकांवर जुन्या लठ्ठपणाच्या खुणा तशाच होत्या. पुन्हा चरबीयुक्त खाणं मिळताच ते इतर उंदरांपेक्षा लवकर फुगले.