सुरतेचे दार आणि दिवा

सुरतेचे नाव निघाले की आपल्या मराठी घरांतून शिवछत्रपतींच्या स्वारीची गोष्ट निघतेच. १६६४ च्या जानेवारीतले ते पाच दिवस आपल्याला पाठ असतात. परंतु त्या दिवसांत ते शहर आतून कसे दिसत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. मला तो करावयास लावला माझ्या पुतण्याच्या एका खेळाने.

हा खेळ संगणकाच्या पडद्यावर नकाशा मांडून खेळतात. सोंगट्या म्हणजे पात्रे, आणि एकजण सूत्रधार. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा मूळ खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. असे खेळ पडद्यावर मांडण्याची ‘फाउंड्री’ ही सोय २०२० ची. पुतण्याने तीत जुन्या सुरतेची एक गल्ली, इंग्रजांची वखार आणि तापीकाठचा किल्ला रेखला आहे.

नुसते चित्र काढून मात्र भागत नाही. चित्रातल्या भिंतीवरून खेळाडूंना न दिसणारी एक रेघ ओढावी लागते. तेव्हाच ती भिंत नजर आणि उजेड अडविते. दाराची रेघ निराळी. ते मिटलेले, उघडे वा कुलूपबंद ठेवता येते. चोरदार तर एकट्या सूत्रधारालाच दिसते. मशालीचा उजेड वीस फूट लख्ख आणि पुढे वीस फूट मंद. मेणबत्तीचा लख्ख उजेड पाचच फूट. ज्याची सोंगटी जेथे उभी, तेथून दिसेल तेवढेच त्याचे जग.

“काका, सगळा नकाशा उजळून ठेवला तर खेळ संपलाच,” पुतण्या म्हणाला.

इतिहास वाचताना आपण नेमके तेच करतो. सूत्रधाराच्या जागी बसून सारे एकदम पाहतो. सुरतेतल्या माणसाला आपल्या गल्लीपुरतेच दिसत होते. इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलियट याच्या पत्रावरून कळते की, रात्री उजेड होता तो आगीचा, आणि दिवसा धुराने अंधारून येई. नकाशावर ती आग दिवा म्हणूनच मांडावी लागते, हे पाहून मी क्षणभर गप्प झालो.

सर्वांत मोलाचे दार किल्ल्याचे. शहराला तेव्हा भक्कम तट नव्हता. शहराचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. काही धनिकांनी किल्लेदाराला लाच देऊन आत आसरा मिळविल्याचे जदुनाथ सरकारांनी नोंदविले आहे. बाकीच्यांना दार बंद! वखारीत जॉर्ज ऑक्झेंडन मात्र थोड्या माणसांनिशी पाय रोवून राहिला.

पुतण्याने किल्ल्याला कुलूप घालून किल्लीची किंमत ठरविली होती. मी म्हटले, “बाहेर एक विणकर ठेव, गाठीस पैसा नसलेला.” त्याने ती सोंगटी मांडली आणि तिच्या हाती एक पणती दिली.

शायिस्ताखानाने पुणे प्रांत कसा नासविला होता आणि महाराजांना द्रव्याची गरज का पडली, हे आपण जाणतो. ते खरेच आहे. परंतु पणतीच्या पाच फुटांतून पाहिले, म्हणजे रयतेला बाहेर ठेवून दार लावून घेणारा अधिकारीही तितकाच स्वच्छ दिसतो.