कपाशीचं अंतर आणि खत: कॅल्क्युलेटरवर दोन गणितं

लागवडीआधी मी फोनवर दोन गणितं करतो.

झाडं: एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. बीटी हायब्रीड 4 बाय 1.5 फुटांवर लावलं, तर 6 ने भागा: 7,260 झाडं. आटोपशीर सरळ वाण 3 बाय अर्ध्या फुटावर: 29,040. झाडं चौपट, पण खत चौपट नाही. शिफारस जमिनीच्या क्षेत्रावर असते.

खत: शिफारस नत्राची असते, युरियाची नव्हे. युरियात नत्र 46 टक्के. एकरी 40 किलो नत्र हवं? 40 भागिले 0.46, म्हणजे 87 किलो, जवळपास दोन गोण्या. डीएपी देताय? त्यातलं 18 टक्के नत्र आधी वजा करा.

बीटी जनुक बोंडअळीसाठी आहे, भुकेसाठी नाही. जादा युरियाने पाला माजतो, तुडतुडे वाढतात. म्हणून आधी माती परीक्षण, मग युरिया विभागून.