जीपचा शेवटचा खोडवा



या पानावर मी दरवेळी लागण, बेणे, खते आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी गाडीविषयी लिहीत आहे. त्याला कारण असे, की गेल्या हंगामात गटात फिरताना ज्या ज्या वस्तीवर गेलो तिथं गोठ्याच्या मागं नाहीतर बाभळीखाली एखादी तरी गाडी उभी दिसली. कुणाचा बंद पडलेला ट्रॅक्टर, कुणाची टायर नसलेली ट्रॉली, कुणाच्या थोरल्या भावाची मेटाडोर. विचारलं की उत्तर ठरलेलं, "साहेब, जरा काम निघालंय, केलं की पळंल." कोंबड्या मात्र त्या गाडीत अंडी घालायला लागून दोन वर्षं झालेली असतात. दुसऱ्याला हसण्यात अर्थ नाही, कारण माझ्याही दारात अशीच एक होती.

माझी जीप २००५ सालची. पंधरा वर्षं २०२० मध्ये भरली, तेव्हा नोंदणीची मुदत पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. ती २०२५ च्या नोव्हेंबरात संपणार होती. त्याआधी दिवाळीला, भाऊबीजेसाठी, बदलापूरला ताईकडं निघालो. माळशेज घाट जीपनं बिनतक्रार उतरवून दिला. पण मुरबाड सोडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलो आणि एका चढाला काटा लाल खुणेवर गेला. बॉनेट उघडलं तर वाफ. पुढचा प्रवास टेम्पोच्या मागं दोर लावून झाला. पूर्वी इथं घोडी बदलत म्हणून बदलापूर नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात. दाजी दारातच म्हणाले, "बरोबर ठिकाणी आणलीस. आता घोडं बदल."

मला ते पटलं नाही. दाजींनी नोकरीची सगळी वर्षं अंबरनाथच्या कारखान्यांत काढली, त्यामुळं तिथले लेथवाले त्यांच्या ओळखीचे. दोन दिवसांनी तिथल्या एका मिस्त्रीकडं इंजिन खोलून घेतलं. मिस्त्री वयस्क, बोलायला थोडा. त्यानं सिलिंडरमध्ये माप घालून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, याचा बोअर आधीच शेवटच्या साईजला गेलाय."

हे सभासदांनी नीट समजून घ्यावं. इंजिनचा सिलिंडर झिजला की तो लेथवर थोडा मोठा करून घेतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. आपण म्हणतो, इंजिन नवं झालं. पण मोठ्या मापाचे पिस्टन ठराविक साईजपर्यंतच मिळतात आणि सिलिंडरची भिंतही दरवेळी पातळ होते. क्रँकचंही तसंच, तो दर ग्राइंडिंगला बारीक होत जातो. शेवटची साईज गाठली की पुढं नवी स्लीव्ह ठोका, नाहीतर ब्लॉकच बदला. आपल्या खोडव्याची गत अशीच असते. पहिला खोडवा चांगला राखला तर लागणीच्या जवळपास टनेज देतो, दुसराही पैसे करतो. पुढं नांग्या वाढतात, फुटवे कमी होतात, आणि खत तेवढंच टाकूनही वजन भरत नाही. तेव्हा पहार नाही, नांगर लागतो.

तरीही माझं मन मानेना. दाजी म्हणाले, उल्हासनगरला जुना ब्लॉक मिळतो का बघू. उल्हासनगर म्हणजे मूळचा कल्याणचा लष्करी कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकीत जागा दिली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते कॅम्प पाच अशी नावं लोकांच्या तोंडी अजून आहेत. हातात काही नसताना आलेल्या माणसांनी उभं केलेलं गाव, त्यामुळं इथं वस्तू टाकून देण्याआधी दहा वेळा उलटीपालटी करून पाहतात असा माझा समज होता. इंजिन मिळेल या आशेनं गेलो आणि नेमकं तिथंच मला गाडी मोडायचा सल्ला मिळाला.

दुकानदार सिंधी, सत्तरीकडं झुकलेले, मराठी स्वच्छ. त्यांनी मला इंजिन दाखवलं, भावही सांगितला. मग स्वतःच म्हणाले, "साहेब, याचा मूळ कागद माझ्याकडं नाही. तुम्ही बसवाल, पण आरसी बुकात नंबर कसा चढवाल?" खरं होतं. इंजिन बदललं की त्याचा नवा नंबर आरटीओकडं नोंदवावा लागतो, आणि ते इंजिन कुठल्या गाडीचं हे सिद्ध करता आलं नाही तर चोरीच्या मालाचा संशय आपल्यावर. गिऱ्हाईक हातचं घालवून खरं बोलणारा दुकानदार विरळा. मी त्यांच्याकडं चहा पिऊन परत आलो.

रात्री ताईच्या ओट्यावर हिशोब मांडला. ब्लॉक, पिस्टन, क्रँक मजुरीसकट ७८,०००. पाटे, चेसीसचं वेल्डिंग आणि दोन टायर ३६,०००. नोंदणी वाढवण्याचं शुल्क हलक्या चारचाकीला पूर्वी ६०० रुपये होतं, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर आणि विमा वेगळाच. म्हणजे सव्वा लाखाच्या पुढं, आणि एवढं करून गाडीची बाजारात किंमत जास्तीत जास्त ९०,०००. मी म्हटलं, "पण दाजी, दोन वर्षांपूर्वी गिअरबॉक्सला ४०,००० घातलेत, ते वाया जातील." दाजी शेतकरी नाहीत, पण बोलले शेतकऱ्यासारखं, "मागच्या साली टाकलेला युरिया बघून तू यंदा खोडवा राखतोस काय?" मी गप्प बसलो, कारण हेच मी तुम्हाला दर बैठकीत सांगतो.

दुसऱ्या दिवशी एक भंगारवाला दारात आला. त्यानं रोख ४२,००० मोजायची तयारी दाखवली. जीप तिथूनच उचलणार, कागदाची कटकट नाही. मी हो म्हणणार तेवढ्यात ताई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "अजिबात नाही. आमचं काय झालं ते विसरलास?"

दाजींची जुनी स्कूटर. २०१६ मध्ये दुरुस्ती परवडेना म्हणून अशाच एका फिरत्या भंगारवाल्याला २,५०० रुपयांना दिली. पावती नाही, फॉर्म नाही. त्यानं ती मोडली नाही, ठाकठीक करून कुणाला तरी विकली, त्यानं आणखी कुणाला. २०१९ मध्ये एका पोरानं त्या स्कूटरनं रस्त्यानं चाललेल्या म्हाताऱ्या गृहस्थाला उडवलं, त्यांचा मांडीचा हाड मोडला. विमा नव्हताच. नोटीस आली ती दाजींच्या नावानं, कारण आरटीओच्या दप्तरी मालक तेच. "मी विकली" म्हणायला पुरावा काय? दोन वर्षं कल्याणला तारखा झाल्या आणि शेवटी तडजोडीत दाजींनी निवृत्तीच्या पैशातून दीड लाख भरले. अडीच हजाराची स्कूटर. ताई अजून तो आकडा काढला की उठून आत जाते.

कायदा यात स्पष्ट आहे. हरियाणातल्या एका प्रकरणात गाडी एकापाठोपाठ तिघाचौघांच्या हाती गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर होती. अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकानंच द्यायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. सातबारावर नाव राहिलं की तगादा त्याच नावाला येतो, तसंच हे. मोटार वाहन कायद्याप्रमाणं चालू गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, त्यासाठी फॉर्म २९ आहे. घेणारा नावावर करून घेईल म्हणून थांबू नये. आणि गाडी कायमची निकामी झाली तर तेही १४ दिवसांतच कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची.

मी जीप तिकडच्याच एका नोंदणीकृत केंद्राला दिली. अशी केंद्रं केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांखाली चालतात. गाडी कुठल्याही आरटीओची असली तरी कुठल्याही केंद्रात देता येते, त्यामुळं घाट चढवून परत आणायची वेळ आली नाही. मला ३४,००० मिळाले, तेही बँकेच्या खात्यात. भंगारवाल्यापेक्षा ८,००० कमी. ते आठ हजार मी कागदाची किंमत समजतो. देण्याआधी थकलेले चलान भरले. आरसीवर पतसंस्थेचा जुना बोजा तसाच होता. कर्ज फिटून बारा वर्षं झाली तरी उतरवायचा राहिला होता, त्यासाठी दाखला आणायला एक फेरी झाली. केंद्र गाडी चोरीची नाही ना हे पोलिसांच्या नोंदीशी ताडून पाहतं, मग सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतं. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ होतं आणि वाहन करातही सवलत असते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत व वाहतुकीच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा आहे. आपल्या राज्याचा त्या दिवशीचा दर आरटीओत विचारून घ्यावा. विमा मात्र नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती आल्यावरच बंद केला.

आता ट्रॅक्टरविषयी, कारण अफवा फार आहेत. पंधरा वर्षं झाली की ट्रॅक्टर जप्त होणार, असं एक सभासद मला चावडीवर सांगत होते. तसं काही नाही. शेतीच्या ट्रॅक्टरला भंगारात काढायचं सक्तीचं वय नाही, पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. दिल्ली परिसरातले निर्बंध वेगळे, ते इकडं लागू नाहीत. सरकारी गाड्यांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर मुदतवाढ नाही, बहुधा त्यावरूनच ही आवई उठली असावी. तेव्हा ज्याचं इंजिन अजून दोन साईज मागं आहे, त्यानं खुशाल दुरुस्त करावा. पण ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी असते हे लक्षात ठेवा. ट्रॅक्टर विकला, ट्रॉली तशीच मेहुण्याला दिली, आणि ती आज कुणाच्या उसाची वाहतूक करते हे मालकाला ठाऊक नाही, अशी उदाहरणं आपल्या गटात आहेत. गळीत हंगामात रात्री दिव्याशिवाय उभ्या असलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली, तर नोटीस कुणाच्या दारात येईल ते वर लिहिलंच आहे.

हल्ली मी मोटारसायकलवर येतो. चिखलाच्या दिवसांत जीपची आठवण होते, खोटं कशाला सांगू. माझ्या सगळ्या कागदांची फाईल गट कार्यालयात चिटबॉयकडं ठेवली आहे. ज्यांच्या गोठ्यामागं गाडी उभी आहे त्यांनी बाजारच्या दिवशी येताना आरसी बुक घेऊन यावं. बोजा उतरलेला आहे की नाही, तेवढं आधी पाहू.