उजेड कुणी मोजला?

आमच्या गावात वीज आली होती. सरकारी कागदावर तशी नोंद होती आणि ती खोटी नव्हती. मळ्यांत मोटारी चालत, गावठाणात दिवे लागत. आमच्या बौद्धवाड्यात मात्र घासलेटची चिमणी होती. तिथे खांब आला तेव्हा मी चौथीत होतो. आज घरातला पहिला पदवीधर म्हणून महाविद्यालयात शिकवतो. पण तो प्रश्न सुटलेला नाही. आम्ही अंधारात असताना गाव उजेडात कसे?

उत्तर व्याख्येत होते. १९९७ पर्यंत देशात गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असली, की ते गाव विद्युतीकृत ठरे. म्हणजे एका विहिरीवरची एक मोटारही पुरे! त्या वर्षी अट आली, की वीज लोकवस्तीत वापरली जावी. पण लोकवस्ती कुणाची, हे व्याख्येने विचारले नाही.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ साली विज्ञानाची एक कसोटी मांडली. विधान करणाऱ्याने आधी सांगावे, की काय आढळले तर माझे विधान खोटे ठरेल. ही कसोटी इथे लावून पाहा. वाड्यातली शंभर घरे अंधारात आढळली तरी 'गाव विद्युतीकृत आहे' हे विधान खरेच राहत होते. आमची चिमणी त्याविरुद्धचा पुरावा होऊच शकत नव्हती. साक्षीदाराला बाहेर बसवून निकाल दिला गेला होता.

फेब्रुवारी २००४ मध्ये केंद्राने व्याख्या बदलली. रोहित्र आणि वाहिन्या लोकवस्तीत हव्यात, दलित वस्ती असेल तर तिथेही हव्यात. शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी. आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. 'दलित वस्ती' हे शब्द एका तांत्रिक व्याख्येत आले, ही लहान गोष्ट नव्हे. जात ही विजेच्या मोजमापातली बाब आहे, याची ती कबुली होती. तरीही दहातली नऊ घरे अंधारात राहून गाव विद्युतीकृत ठरू शकत होते. एप्रिल २०१८ मध्ये देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली, ती या मापाने. घर हे एकक धरणारी सौभाग्य योजना २०१७ साली सुरू झाली होती, यातच गावाच्या मापाची अपुरेपणाची कबुली आहे.

म्हणून ऊर्जेचा अभ्यास एका शास्त्राला पेलत नाही. अभियंता रोहित्राची क्षमता मोजील, अर्थशास्त्रज्ञ बिल आणि मिळकत मांडील, समाजशास्त्रज्ञ खांब कोणत्या गल्लीपाशी थांबला ते पाहील. पण तिघांचे आकडे शेजारी ठेवले म्हणजे आंतरविद्याशाखीय संशोधन होत नाही. तिघांचे एकक वेगळे आहे: एकाचे गाव, दुसऱ्याचे घर, तिसऱ्याची जात. एकक कोणते आणि ते का, हा वाद आधी झाला पाहिजे. घर हे एकक धरले तरी चुलीच्या धुरात बसलेली आई त्यातून निसटते, कारण बाहेरच्या खोलीत दिवा असतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना विजेचे धोरण त्यांच्याकडे होते. १९४३ साली धोरण समितीपुढे त्यांनी वीज हवी कशासाठी, हा प्रश्न उपस्थित केला आणि तो दारिद्र्याशी जोडला. संशोधनाची पद्धत त्या 'कशासाठी'पासून सुरू होते.

माझे विद्यार्थी पाहणीला निघाले, की प्रश्नावलीआधी मी त्यांना व्याख्या वाचायला लावतो. मग विचारतो, कुणाचे घर अंधारात असले तर तुमचा निष्कर्ष खोटा ठरेल? उत्तर 'कुणाचेच नाही' असे असेल, तर प्रश्नावली फाडा आणि पुन्हा लिहा.