विटाळाची श्रद्धा आणि बंद दारे

विटाळ : स्पर्शाने माणूस, पाणी वा देव अपवित्र होतो, ही समजूत. अस्वच्छतेशी संबंध नाही. जातीचा विटाळ ठरतो तो जन्मावरून.

पंढरपूर : संत चोखामेळ्याची समाधी विठ्ठल मंदिराबाहेर, नामदेव पायरीजवळ. त्यांच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला आत प्रवेश मिळायला 1947 उजाडावे लागले; त्यासाठी साने गुरुजींनी मे महिन्यात उपोषण केले.

वऱ्हाड : अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेशासाठी नोव्हेंबर 1927 मध्ये परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. वऱ्हाडाबाहेर, त्याच वर्षी 20 मार्चला पाण्याच्या हक्कासाठी महाडचा चवदार तळे सत्याग्रह. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह 2 मार्च 1930 पासून, सुमारे पाच वर्षे.

दुसरी बाजूही श्रद्धेचीच : वऱ्हाडात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. कीर्तनातून ते शिवाशिवीविरुद्ध बोलत.

कायदा
- संविधानाचे कलम 17 : अस्पृश्यता नष्ट.
- 1955 : अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, 1976 पासून नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम. मंदिर वा पाणवठा नाकारल्यास 1 ते 6 महिने कैद आणि दंड.
- 1989 : अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा.
- 2016 : सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा, जातपंचायतीच्या बहिष्कारालाही लागू.

फरक : श्रद्धा बाळगण्याचे स्वातंत्र्य संविधानाचे कलम 25 देते. त्याच कलमाने हिंदू सार्वजनिक देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकारही राज्याला दिला आहे.