प्रशिक्षक हटवावा की ठेवावा?

फुटबॉल संघ सलग हरू लागला की पाठीराख्यांमध्ये दोन तट पडतात. एकाला प्रशिक्षकाची तत्काळ हकालपट्टी हवी असते, तर दुसरा त्याला हंगाम संपेपर्यंत मुदत द्यावी असा आग्रह धरतो. पहिल्या तटाची सरशी बहुधा लवकर होते, कारण खेळाडूंची नोंदणी ठरावीक मुदतीतच करता येत असल्याने हंगामाच्या मध्यावर अख्खा संघ बदलणे क्लबला शक्य नसते. एका माणसाला निरोप मात्र केव्हाही देता येतो. सोपा म्हणून घेतलेला निर्णय योग्यही ठरतो का, हे तपासण्यासाठी मुंबईतील दोन क्लबांची उदाहरणे उद्बोधक आहेत.

इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफसीने २०१८ मध्ये पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा यांची नियुक्ती केली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये संघ गोव्यात एफसी गोवाकडून ०-५ असा हरला. क्लबने कोस्टा यांना कायम ठेवले, त्यानंतर संघ दीर्घकाळ अपराजित राहिला आणि साखळीत तिसरा येऊन उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे पुन्हा गोव्यानेच दोन सामन्यांत मिळून ५-२ अशी मात केली. पुढील हंगामात संघ पाचवा आला, पहिल्या चारांतील जागा हुकली आणि २०२० मध्ये कोस्टा यांना पद सोडावे लागले.

त्यांच्या जागी आलेल्या सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१ मध्ये साखळीतील अग्रस्थानाची ढाल आणि अंतिम विजेतेपद दोन्ही मिळवून दिले. याच लोबेरांना जानेवारी २०२० मध्ये, गोव्याचा संघ गुणतक्त्याच्या शिखराशी असताना, एफसी गोवाने पदावरून दूर केले होते. मुंबईचे यश केवळ प्रशिक्षकबदलाचे होते असे मात्र म्हणता येत नाही, कारण २०१९ च्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुप या आंतरराष्ट्रीय समूहाने क्लबचा मोठा हिस्सा घेतला होता आणि अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस, मंदार राव देसाई हे गोव्याचे आधारस्तंभही लोबेरांपाठोपाठ मुंबईत आले होते.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. मुंबई एफसी या वेगळ्या क्लबला खालिद जमील यांनी २००९ ते २०१६ या काळात मर्यादित साधनांवर आय-लीगमध्ये टिकवून ठेवले. म्हणजे तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलणारी पदावनती त्यांनी दरवर्षी टाळली. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, २०१७ मध्ये, मुंबई एफसी तळाला जाऊन पदावनत झाला, तर जमील यांनी त्याच हंगामात मिझोरामच्या ऐझॉल एफसीला विजेतेपद मिळवून दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

नेदरलँड्समधील अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी तेथील सर्वोच्च लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा हकालपट्टीनंतर संघ सावरतात हे खरे ठरले. परंतु तितकीच घसरण होऊनही प्रशिक्षक कायम ठेवणारे संघही जवळपास तसेच सावरतात असे आढळले. दुखापती, कठीण प्रतिस्पर्धी आणि दुर्दैव एकाच वेळी वाट्याला आले की निकाल संघाच्या खऱ्या कुवतीहून खाली जातात आणि पुढे आपोआप मूळ पातळीकडे येतात. संख्याशास्त्रात यालाच सरासरीकडे परतणे म्हणतात. या परतीचे श्रेय नव्या प्रशिक्षकाला मिळते, कारण तो नेमका त्याच वेळी आलेला असतो.

नंदुरबार जिल्ह्यात व्यावसायिक क्लब नसला तरी हा प्रश्न तेथे परका नाही. शाळांचे संघ सुब्रतो चषकासारख्या स्पर्धांत जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी पुढे जातात, त्यांची जबाबदारी बहुधा क्रीडाशिक्षकावर असते आणि वयोगटाच्या अटीमुळे संघातील मुले सतत बदलत राहतात. त्यामुळे बाद फेरीतील एका सामन्यावरून त्या शिक्षकाचे मोल ठरवणे व्यावसायिक क्लबपेक्षाही अधिक अन्यायाचे ठरते.

प्रशिक्षक कधीच हटवू नये, असा याचा अर्थ नव्हे. सराव ढासळला असेल, खेळाडूंचा विश्वास उडाला असेल किंवा नेमणुकीच्या वेळी ठरलेली उद्दिष्टे पुरेशा मुदतीनंतरही साधली नसतील, तर बदल समर्थनीय असतो. मात्र ती उद्दिष्टे आणि ती मुदत हंगामापूर्वीच ठरवली पाहिजे, आणि ती न ठरवणाऱ्या व्यवस्थापनालाही पाठीराख्यांनी तितक्याच कठोरपणे जाब विचारला पाहिजे.